शस्त्रक्रियागृहातील वेळेचे नियोजन

शस्त्रक्रियागृह (ओटी) ठरल्या वेळी सुरू व्हावे, दोन शस्त्रक्रियांमध्ये ते रिकामे राहू नये आणि यादीतल्या रुग्णाला आयत्या वेळी परत पाठवावे लागू नये, यासाठी रुग्णालयात केली जाणारी आखणी. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका, तंत्रज्ञ यांपैकी एक जण अडला तरी सगळ्यांचा खोळंबा होतो.

उशीर बहुधा ओटीबाहेर सुरू होतो. संमतीपत्रावर सही राहिलेली असते, रक्ताचा अहवाल फाइलला लागलेला नसतो, निर्जंतुक अवजारांचा संच खालून वर आलेला नसतो, किंवा ट्रॉली न्यायला वॉर्डातले मामा मोकळे नसतात. पहिलाच रुग्ण तासभर उशिरा टेबलावर आला की पुढची सगळी यादी सरकते. त्याची झळ सर्वांत जास्त रुग्णाला बसते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हलके अन्न सहा तास आणि पाणी दोन तास वर्ज्य, एवढेच सर्वसाधारणपणे पुरते. पण ‘रात्री बारानंतर काही नाही’ अशी सरसकट सूचना मिळालेला मधुमेही वृद्ध दुपारी तीनपर्यंत तोंड कोरडे ठेवून पडून राहतो. हे टाळता येते, म्हणून ते अक्षम्य आहे.

कामगिरी मोजताना पहिल्या शस्त्रक्रियेची वेळ, दोन रुग्णांमधले अंतर, त्याच दिवशी रद्द झालेल्या शस्त्रक्रिया आणि ओटीच्या वापराचे प्रमाण पाहतात. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने वापराचे उद्दिष्ट 85 टक्के ठेवले. नियोजित वेळ संपल्यावर चाललेले काम त्यात धरत नाहीत. हा आकडा एकटा पाहू नये, कारण रेंगाळत काम केले तरी तो वाढतो.

भारतातले ठळक उदाहरण मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये 11 खाटांवर ते सुरू केले. तेथे शल्यचिकित्सकाजवळ दोन टेबले असतात. एकावर मोतीबिंदू काढणे चालू असताना दुसऱ्यावरच्या रुग्णाची तयारी पूर्ण होते. पहिले काम संपताच सूक्ष्मदर्शक दुसऱ्या टेबलावर वळवला जातो. डोळा स्वच्छ करणे, अवजारे मांडणे, पट्टी बांधणे ही कामे खेड्यापाड्यांतून निवडून प्रशिक्षण दिलेल्या मुली सांभाळतात. डॉक्टरचा हात घाई करत नाही. त्याला वाट पाहावी लागत नाही, एवढेच.

वेळ वाचवायचा म्हणून तपासणी गाळणे घातक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये 19 मुद्द्यांची सुरक्षा-सूची आणली. भूल देण्यापूर्वी, चीर घेण्यापूर्वी आणि रुग्ण ओटीबाहेर नेण्यापूर्वी ती मोठ्याने वाचतात. दिल्लीसह आठ शहरांत झालेल्या व 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आले.

अरविंदची पद्धत एकसारख्या, छोट्या शस्त्रक्रियांना साजते. सर्वसाधारण रुग्णालयात अडलेली बाळंतीण किंवा अपघाताचा रुग्ण केव्हाही येतो. तातडीच्या रुग्णांसाठी तेथे स्वतंत्र ओटी राखून ठेवली, तरच नियोजित यादी टिकते.