रेडिओच्या परवान्यापासून संमतीच्या बटणापर्यंत

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या कागदपत्रांच्या ट्रंकेत, खरेदीखते आणि जन्मपत्रिकांच्या सोबत, एक लहानसे पुस्तक अजून सापडेल. ते आहे रेडिओच्या परवान्याचे. दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पुस्तकावर तिकीट लावून शिक्का मारून घ्यायचा आणि तपासनीस आला तर दाखवता यावे म्हणून ते जपून ठेवायचे, अशी रीत होती. या पुस्तकाचा इतिहास आज आठवण्याचे कारण जुन्या दिवसांचे कौतुक हे नव्हे. ऐकणाऱ्यावर कोणाची नजर असावी, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा परवान्याची फी वर्षाला दहा रुपये होती. कंपनी तीन वर्षांतच बुडाली आणि प्रसारण सरकारने हाती घेतले. १८८५ चा तार कायदा होताच. त्यात १९३३ च्या बिनतारी कायद्याची भर पडली. विनापरवाना यंत्र बाळगल्यास पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपयांपर्यंत दंड होता आणि अधिकार दिलेल्या अंमलदाराला घराची झडतीही घेता येत असे. संस्थानी मुलखात हैदराबाद, बडोदे येथे स्वतंत्र केंद्रे होती. स्वातंत्र्यानंतर तीही आकाशवाणीत आली. थोडक्यात, रेडिओ घेतला की घर सरकारदप्तरी नोंदले जाई.

पैसे भरणाऱ्या या श्रोत्याला काय ऐकायचे आहे, हे मात्र कोणी विचारत नव्हते. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली. ज्या नाट्यसंगीतावर आपल्या दोन पिढ्या पोसल्या, त्याची पेटी जवळजवळ तीन दशके सरकारी रेडिओवर वर्ज्य राहिली. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा खरा कैवारी. संस्थानांचा आश्रय तुटलेल्या गवयांना आकाशवाणीने त्यांच्या काळात जो आधार दिला, तो विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण चित्रपटगीते त्यांना हलकी वाटत. ती कमी करण्यात आली. गाण्यासोबत चित्रपटाचे नाव घेणे म्हणजे जाहिरात, म्हणून तेही बंद झाले. चिडलेल्या निर्मात्यांनी गाणी वाजवण्याची परवानगी काढून घेतली आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास नाहीशी झाली. भांडण मंत्रालयाचे आणि चित्रपट कंपन्यांचे होते. वर्षाला पंधरा रुपये भरणारा श्रोता त्या वाटाघाटीत कोठेच नव्हता.

त्याने मोर्चा काढला नाही. त्याने फक्त खुंटी फिरवली. युद्धकाळातल्या बलवान लघुलहरी प्रक्षेपकांमुळे रेडिओ सिलोन भारतभर ऐकू येत असे. १९५२ च्या अखेरीस तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ अमीन सयानींची झाली. टूथपेस्टची कंपनी पैसे देत होती, गाणी मुंबईची होती, श्रोते भारतातले होते, आणि जाहिरातीचे उत्पन्न मात्र कोलंबोला जात होते. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, केसकर मंत्री असतानाच, आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

श्रोत्याचा हा विजय कशामुळे शक्य झाला? परवान्यामुळे घरात रेडिओ आहे एवढेच सरकारला कळत होते. त्यावर काय लागते, हे यंत्र कोणाला सांगत नव्हते. गोव्यात याचे मोल फार मोठे होते. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या रानातून आणि पुढे बेळगावजवळच्या कॅसलरॉकहून ‘सोडवणेचो आवाज’ हे गुप्त केंद्र चालवले. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतले ते प्रसारण १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत चालू राहिले. सालाझारच्या राजवटीत, आवाज बारीक करून ते ऐकणाऱ्याची चुगली एखादा शेजारी करू शकला असता. त्याचा रेडिओ करू शकत नव्हता.

१९८० च्या दशकाच्या मध्यात घरगुती रेडिओ-टीव्हीचे परवाने रद्द झाले. पोस्टातल्या रांगेतून सुटका झाली, याचा सर्वांना आनंदच झाला. आज आपण टीव्ही किंवा मोबाइल घेतो तेव्हा कोणी शिक्का मारत नाही. पण यंत्राचा स्वभाव पालटला आहे. इंटरनेटला जोडलेला टीव्ही काय करू शकतो, हे अमेरिकेतल्या एका प्रकरणात सरकारी कागदपत्रांनिशी उघड झाले. तेथील फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यू जर्सी राज्य यांनी व्हिझिओ या कंपनीवर आरोप ठेवला, की सुमारे एक कोटी दहा लाख संचांवर काय पाहिले जाते याची क्षणाक्षणाची माहिती तिने मालकांना नीट न सांगता गोळा केली आणि इतरांना विकली. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. ज्या खुंटीची खबर दिल्लीला कधी लागली नाही, तिची खबर आता बाजारात विकली जाते.

आपल्याकडे कायदा मागून, पण चालत आला. १८८५ च्या तार कायद्याखाली होणाऱ्या फोन टॅपिंगला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये काही बंधने घातली. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. या कायद्याने सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देण्याची मुभा ठेवली आहे, हे त्याचे मोठे उणेपण. तरीही त्यातली एक तरतूद आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवावी. माहिती घेण्यापूर्वी जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला मिळाली पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे, आणि ही सोय महाराष्ट्राच्या सीमेपाशी थांबत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी, कोठेही ती मागता येईल.

आपण मराठी शाळा, ग्रंथालये, व्याख्यानमाला पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या पैशाने चालवल्या, कारण भाषा वापरली नाही तर ती हातची जाते हे आपल्याला ठाऊक होते. हक्काचेही तसेच आहे. ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी ती सूचना मराठीत मागावी, वाचावी आणि पटली नाही तर नकार द्यावा. १९५२ च्या श्रोत्याला नकार देण्यासाठी एक खुंटी पुरली. आपल्याला मागणी तोंडाने करावी लागेल, आणि अनेकांनी मिळून करावी लागेल.