इब्राहिम नांवाचे पुरुष व जुन्या कागदांतील त्यांची ओळख

जुन्या दफ्तरांचा अभ्यास करणारास ज्या अडचणी पदोपदीं येतात, त्यांत नामसादृश्याची अडचण वरवर क्षुल्लक दिसते. परंतु परिणामीं ती मोठी आहे. कागद अस्सल असतो, अक्षर स्वच्छ असतें, मोहोरही शाबूत असते. आणि तरीही धनी कोण हें ठरत नाहीं, कारण त्या नांवाचे अनेक धनी थोडक्या काळांत होऊन गेलेले असतात. दक्षिणेंतील मुसलमानी अमदानीपुरतें पाहिलें तर 'इब्राहिम' हें नांव या दृष्टीनें सर्वांत त्रासदायक होय. म्हणून त्या नांवाचे जे प्रमुख पुरुष आमच्या कागदांत भेटतात, त्यांचा निवाडा येथें संक्षेपानें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम नांवाविषयीं. यहुदी व ख्रिस्ती धर्मग्रंथांतील अब्राहाम तोच इस्लामी परंपरेंतील इब्राहिम पैगंबर. 'खलीलुल्ला' म्हणजे ईश्वराचा सखा, ही त्याची पदवी. यामुळें हें नांव राजापासून शिपायापर्यंत सर्वांनीं आवडीनें ठेविलें. देशी लेखणीनें त्याचीं रूपें इभ्राहिम, इभ्राम, इभराम अशीं केलीं. तेलुगू कवींनीं तर 'मलिक इब्राहिम' याचें 'मल्किभराम' असें रूप काव्यांत रूढ केलें. संस्कृत ज्ञात्यास 'इभ' या अक्षरद्वयांत हत्ती दिसावा आणि 'राम' तर उघडच ऐकूं यावा, हा योगायोग मौजेचा खरा. परंतु त्यावरून व्युत्पत्ति रचूं नये. लेखकूंचा कान आपल्या ओळखीच्या ध्वनीकडे वळतो, एवढेंच त्यावरून निघतें.

आतां राजे. विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशाह हा इस्माईल आदिलशाहाचा पुत्र. भाऊ मल्लू यास कांहीं महिन्यांतच पदच्युत केल्यावर इ. स. १५३४ त तो तख्तावर आला व १५५८ त वारला. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशाह १५५० पासून १५८० पर्यंत राज्यावर होता. अहमदनगरच्या इब्राहिम निजामशाहास १५९५ त जेमतेम चार महिने राज्य लाभलें. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह हा पहिल्याचा नातू. तो नऊ वर्षांचा असतां एप्रिल १५८० त गादीवर बसला व सप्टेंबर १६२७ त वारला. हीं सालें एकाखालीं एक मांडलीं म्हणजे एक चमत्कार दिसतो. १५३४ पासून १६२७ पर्यंतच्या त्र्याण्णव वर्षांत असा एकही दिवस गेला नाहीं कीं, दक्षिणेंतील कोणत्या ना कोणत्या तख्तावर इब्राहिम नव्हता. १५५० ते १५५८ या काळांत तर दोन होते. १५८० च्या उन्हाळ्यांतही एकाचा अस्त व दुसऱ्याचा उदय होतांना कांहीं आठवडे दोन होते. आणि १५९५ त एका इब्राहिमाच्या फौजेशीं लढतां लढतां दुसरा इब्राहिम रणांत पडला. अशा स्थितींत नुसतें 'इब्राहिम शाह' एवढ्यावरून कागदाचा काळ ठरविणें म्हणजे अंधारांत दोर ओळखण्यासारखें आहे.

पहिल्या आदिलशाहाविषयीं आमच्या वाचकांस विशेष आस्था असावयास पाहिजे. त्यानें परदेशी अमिरांचा जोर मोडून दक्षिणी लोकांस जवळ केलें, आणि हिशेबाचीं दफ्तरें फारसींतून काढून देशी भाषेंत ठेवण्याची रीत घातली, असें फेरिस्ता सांगतो. फेरिस्त्याचा शब्द 'हिंदवी' असा आहे. आमच्या प्रांतापुरता त्याचा अर्थ मराठी असाच करावा लागतो. या फेरबदलानें ब्राह्मण कारकुनांचा वसुली-खात्यांत प्रवेश झाला, आणि पुढील शतकांत मराठी राज्यास जो तयार लेखकवर्ग मिळाला त्याचें बीज अंशतः येथें आहे. धर्मानें हा राजा कट्टर सुन्नी. बापाचा शिया पंथ त्यानें दरबारांतून काढून टाकिला. असें असतां देशी भाषेस दफ्तरांत आणण्याचें श्रेय पुष्कळदां त्याच्या नातवाच्या पदरीं घातलें जातें, कारण नातवाची रसिकता व उदारता प्रसिद्ध आहे. रसिकतेचें यश नातवास द्यावें. परंतु दफ्तराचें यश आजोबाचें आजोबासच दिलें पाहिजे.

नातवाचें यश तसेंही अल्प नाहीं. बालपणीं चांदबिबीच्या देखरेखीखालीं वाढलेला हा राजा 'जगद्गुरु' या पदवीनें प्रसिद्ध झाला. त्यानें दखनी भाषेंत 'किताब-इ-नवरस' हा गीतसंग्रह रचिला. त्यांत सरस्वती व गणपति यांचें स्तवन आहे. आपल्या आवडत्या तंबोऱ्यास त्यानें 'मोतीखान' व हत्तीस 'आतशखान' अशीं नांवें दिलीं होतीं. डॉ. नझीर अहमद यांनीं हा ग्रंथ संपादून १९५६ त प्रसिद्ध केल्यापासून त्याविषयींच्या ऐकीव गोष्टींस आधार किंवा उत्तर मिळूं लागलें आहे. १५९९ त त्यानें वसविलेलें नवरसपूर मलिक अंबरनें १६२४ त लुटलें. त्याच वर्षींच्या भातवडीच्या युद्धाचें वर्णन 'शिवभारता'त आहे. त्या युद्धाच्या वेळचा आदिलशाह हाच, आणि पुढें शहाजीराजे कांहीं काळ ज्याच्या चाकरींत गेले तोही हाच. त्याच्या तांब्याच्या नाण्यांवर 'अबला बली', म्हणजे दुर्बळांचें बळ, हा देशी शब्दांचा किताब आढळतो. नाणें हातीं आलें व हे शब्द वाचतां आले कीं, आजोबा-नातवाचा संशय उरत नाहीं. दोघांच्या कबरीही वेगळ्या: आजोबा गोगी येथें पूर्वजांजवळ, नातू विजापूरच्या इब्राहिम रोज्यांत.

कुतुबशाही इब्राहिमानें तारुण्याचीं सुमारें सात वर्षें विजयनगरांत रामरायाच्या आश्रयास काढिलीं. तेथें लागलेली तेलुगूची गोडी त्यानें राजा झाल्यावर कवींस आश्रय देऊन राखिली. परंतु १५६५ त तालिकोटच्या संग्रामांत तो त्याच रामरायाविरुद्ध उभा राहिला. या संग्रामाच्या वर्णनांत 'इब्राहिम' आला तर तो गोवळकोंड्याचा समजावा. विजापूरचा पहिला इब्राहिम तत्पूर्वीं सात वर्षें वारला होता. तख्तावर त्याचा पुत्र अली होता.

यानंतर सालाचा प्रश्न. मराठी कागदांत शुहूर सन अरबी अंकशब्दांनीं लिहितात. त्यांत मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ व पुढें ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. 'खमस खमसैन तिसा मया' म्हणजे ९५५, अर्थात् १५५४-५५: विजापुरीं पहिला इब्राहिम. 'खमस तिसैन तिसा मया' म्हणजे ९९५, अर्थात् १५९४-९५: दुसरा इब्राहिम. 'खमसैन' व 'तिसैन' यांतील आरंभींचें अक्षर कसरीनें खाल्लें कीं चाळीस वर्षें व दोन पिढ्या बदलल्या. दुसरा धोका हिजरी सनाचा. हिजरी ९८८ म्हणजे १५८०. शुहूर ९८८ म्हणजे १५८७-८८. फारसी मजकूर व त्याखालीं मराठी असा दुहेरी कागद असल्यास दोन्ही सन जुळवून पाहावे. सात वर्षांचा फरक दिसतांच कागद बनावट ठरवूं नये, कारण या काळांत तो फरक पडलाच पाहिजे.

राजांखेरीज सरदारांची गर्दी आहेच. त्यांतील दोघांचाच निर्देश करितों. कुतुबशाहीचा सेनापति मुहंमद इब्राहिम हा १६८५ त मोगलांस मिळाला व औरंगजेबाकडून महाबतखान ही पदवी पावला. दुसरा इब्राहिमखान गारदी. बुसीच्या तालमींत कवायत शिकलेला हा सरदार निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला, १७६० त उदगीरच्या स्वारींत उपयोगी पडला, व १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांच्या डाव्या बगलेस रोहिल्यांशीं झुंजला. त्याच्या पलटणी बहुतेक कापल्या गेल्या; तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला व अबदालीच्या गोटांत मारला गेला. याच मैदानावर १५२६ त बाबराशीं लढतां इब्राहिम लोदी पडला होता. एक राज्यासाठीं पडला, दुसरा खाल्ल्या मिठासाठीं. पुढें ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावांच्या वधानें 'गारदी' या शब्दास जो काळिमा लागला, तो इब्राहिमखानाच्या नांवावर सांडूं देणें अन्यायाचें आहे. नांव एक म्हणून मुहंमद इब्राहिमाची फितुरी त्याच्या माथीं येत नाहीं, तशीच जात गारद्याची म्हणून सुमेरसिंगाची करणीही येत नाहीं.

संग्राहकांस शेवटीं इतकीच विनंति कीं, कागदावर 'इब्राहिम' दिसतांच यादींत 'जगद्गुरु इब्राहिम आदिलशाह' असें लिहून मोकळें होऊं नये. आधीं सनाचा शब्द अक्षरशः उतरून घ्यावा. मग मोहोर वाचावी. मग बापाचें नांव, गांव, परगणा व हुद्देदार पाहावे. आणि निर्णय होईना तर नुसतें 'इब्राहिम' असेंच नोंदवावें. मोहोर कापून वेगळ्या वहींत चिकटविण्याची हौस कांहीं ठिकाणीं आढळते. ती सर्वस्वीं सोडावी. मोहोरेवांचून कागद मुका होतो, व कागदावांचून मोहोर केवळ शोभेची राहते. ज्यांनीं दफ्तर मराठींत आणिलें, ज्यांनीं गीतें रचिलीं आणि ज्यांनीं पानिपतावर देह ठेविला, त्या सर्वांचें देणें ज्याचें त्यास पोंचविणें हें काम अखेर या कसर लागलेल्या चिटोऱ्यांवरच अवलंबून आहे.