कँटनी बोलीतील वारसाविषयक शब्द

वारसाहक्काचा इतिहास केवळ कायद्याच्या ग्रंथांत शोधून भागत नाही. लोकांच्या बोलीतील शब्दही त्याची साक्ष देतात. हाँगकाँगच्या कँटनी बोलीत मृत्युपत्रास 'पिंग-ऑन-जी', म्हणजे 'क्षेमपत्र', असे म्हणतात. मराठीने ज्या कागदाच्या नावातच मृत्यू आणला, त्याच्या या कँटनी नावात मृत्यूचा उच्चारही नाही. 'वै-जुक', म्हणजे 'मागे ठेवलेली आज्ञा', हा लेखी व्यवहारातील शब्द निराळा व पुष्कळ जुना होय.

तथापि दक्षिण चीनमधील कौटुंबिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित झाली ती मुख्यतः अशा कागदांनी नव्हे, तर 'फन-गा'ने, म्हणजे घराच्या वाटणीने. चिंग राजवटीच्या कायद्यात सर्व पुत्रांचा वाटा समान असे. वाटणी आप्तांसमक्ष, पुष्कळदा चिठ्ठ्या टाकून होई. बापाची इच्छा हा वारशाचा पाया नव्हता. पुत्रत्व हा होता. पूर्वजांच्या पूजेसाठी जी जमीन अविभक्त राखीत तिला 'जो' किंवा 'तोंग' म्हणत. तिच्या उत्पन्नातून पूजाप्रसंगी कुळातील पुरुषांना डुकराचे मांस वाटले जाई. 'ताय-गुंग फन ज्यू-युक', म्हणजे 'मूळपुरुष मांस वाटतो', ही म्हण त्यावरूनच पडली. आज ती सर्वांना सरसकट थोडेथोडे देण्याबद्दल वापरतात. मूळच्या त्या 'सर्वां'त मुली नव्हत्या.

याच ठिकाणी कायद्याचा इतिहास विलक्षण वळण घेतो. चीनमध्ये १९३१ साली अमलात आलेल्या नागरी संहितेने मुलींना समान वाटा दिला. उलट १८९८ साली ब्रिटिशांनी पट्ट्याने घेतलेल्या 'न्यू टेरिटरीज' भागात, १९१० च्या अधिनियमान्वये, जमिनीपुरती जुनी चिनी रूढी लागू करण्याची मुभा न्यायालयांस राहिली. चिंग साम्राज्य लयास गेले, पण त्याची रूढी परकीय सत्तेच्या छायेत टिकली. १९७१ मध्ये हाँगकाँगच्या विनामृत्युपत्र वारशाच्या कायद्याने मुलगा व मुलगी समान ठरविली, तरी या ग्रामीण जमिनींवर कन्यांचा हक्क पोहोचला नाही. तो पोहोचला १९९४ साली, आणि तोही गावांतील प्रभावी मंडळींचा तीव्र विरोध पत्करून. 'जो' व 'तोंग' यांच्या जमिनी त्या सुधारणेतून वगळल्याच गेल्या.

'दिंग', म्हणजे कुळातील पुरुष, या शब्दाचे वजनही त्यामुळे उतरले नाही. १९७२ च्या धोरणाने मूळ ग्रामवासीयांच्या पुरुषवंशातील प्रौढ पुरुषास आयुष्यात एकदा घर बांधण्याची सवलत मिळाली. त्या घराला लोक 'दिंग-उक', 'पुरुषाचे घर', म्हणतात.