सर्पगंधा आणि मिचकणारे डोळे

घाटकोपरच्या आमच्या चाळीत एक मुलगा होता. सारखे डोळे मिचकवायचा, मान झटकायचा, मध्येच घशातून आवाज काढायचा. मास्तर पट्टी मारीत, माझी अम्मी त्याच्या आईला नजर काढायला सांगे आणि आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो. मला ती फार छान जमायची.

या झटक्यांना वैद्यकात 'टिक' म्हणतात. पॅरिसच्या जिल द ला तुरेत यांनी १८८५ साली अशा नऊ रुग्णांची हकीकत छापली. पुढची कित्येक वर्षे मात्र दोष गेला तो मनातल्या गाठींना आणि आईबापांच्या वळणाला. तो गैरसमज सैल झाला औषधांमुळे, आणि मंडळी, त्या वाटेवरचा एक टप्पा आपल्या मुंबईतला आहे.

सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्य-हकिमांना जुनीच ठाऊक. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये तिच्यातून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला 'अजमलीन' नाव दिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरचा या मुळीचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. मग जगाचे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन निघाले.

स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचले. ससे निपचित पडले. 'एल-डोपा' देताच पुन्हा हिंडू लागले. हे १९५७ सालचे. मज्जापेशी डोपामीन नावाचा निरोप्या बारीक पिशव्यांत साठवतात. रेसर्पिनने त्या रिकाम्या होतात, आणि निरोप्या नाही तर हालचाल नाही. १९६१ मध्ये फ्रान्समध्ये हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक कमी झाल्याचे दिसले. हे औषध डोपामीनच्या दारालाच कडी घालते. पिशव्या भरू न देणारे टेट्राबेनाझिनही पुढे टिकवर वापरले गेले. म्हणजे गडबड रसायनाची, वळणाची नव्हे. अर्थात डोपामीन वाढले की टिक, इतके ते सोपे नाही. मेंदूच्या तळाशी हालचालींना आवर घालणारी जी साखळी आहे, तिच्यात इतरही रसायने गुंतलेली आहेत. बहुतेकांची टिक वयात आल्यावर ओसरते, हेही खरे.

२०१८ साली अंधेरीच्या यशराज फिल्म्सचा 'हिचकी' पाहिला. शिक्षिका झालेल्या राणी मुखर्जीच्या तोंडून तो आवाज निघताच मागच्या रांगेत कुणी हसले. मी वळून पाहिले नाही.

आठवीत त्या मुलाचे घर मुलुंडला हलले. निरोप घ्यायला आला तेव्हाही त्याची मान झटकत होती. ट्रक वळल्यावर मी तीच मान झटकून दाखवली आणि सगळे खळखळून हसले.