करार नाही, तरीही देणे लागते

विधी अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच भेटणारा विषय म्हणजे करार कायदा. भारतीय करार अधिनियम १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला. मालविक्री व भागीदारी यांवरील प्रकरणे पुढे १९३० आणि १९३२ मध्ये स्वतंत्र कायद्यांत गेली. पहिल्या ७५ कलमांत करारांची सर्वसाधारण तत्त्वे आहेत आणि प्रारंभीच्या अभ्यासाचा भर त्यांवरच असतो.

प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला, मुक्त संमती या पायऱ्या चढून गेल्यावर विद्यार्थ्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसते: संमतीविना बंधन नाही. नेमक्या याच समजुतीला पाचवे प्रकरण (कलमे ६८ ते ७२) धक्का देते. येथे ना प्रस्ताव, ना स्वीकृती. तरीही देणे लागते. दुसऱ्याच्या पदरचे घेऊन कोणी अकारण संपन्न होऊ नये, हे त्यामागील तत्त्व. मूळ रोमन कायद्यात सापडते. इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६० मध्ये ‘मोझेस विरुद्ध मॅकफर्लन’ खटल्यात ते ठसठशीतपणे मांडले.

मोबाइलवरून पैसे पाठवताना एक अंक चुकला आणि रक्कम भलत्याच खात्यात गेली, तर घेणाऱ्याने काहीच वचन दिलेले नसते. पण चुकीने मिळालेले पैसे परत केले पाहिजेत, असे कलम ७२ सांगते. ‘मी थोडेच मागितले होते?’ हा बचाव येथे चालत नाही.

कलम ७० अधिक रंजक आहे व परीक्षकांचेही लाडके. त्यावरील प्रमुख निवाडा म्हणजे ‘पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल’ (१९६१). एका ठेकेदाराने सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून पुरवठा खात्यासाठी बांधकामे केली. सरकारशी करार करताना जी औपचारिकता कायद्याने सक्तीची होती, ती पाळली गेली नव्हती. तेव्हा करार नाही, म्हणून पैसेही नाहीत, असा सरकारचा पवित्रा होता. बांधकामे मात्र वापरात होती! सर्वोच्च न्यायालयाने ठेकेदाराच्या बाजूने कौल दिला. बहुमताचे निकालपत्र न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे असून, त्यात कलमाच्या तीन अटी उलगडल्या आहेत: कृत्य कायदेशीर हवे, ते फुकट करण्याचा हेतू नसावा आणि समोरच्याने लाभ घेतलेला असावा. नको असलेली वस्तू नाकारण्याची वा परत करण्याची मुभा त्याला असतेच. म्हणून हे कलम कोणावर बळजबरीने गिऱ्हाईकपण लादत नाही. विद्यार्थ्याने हा निवाडा टिपणांतून न वाचता मुळातूनच वाचावा.

फुकट केलेल्या उपकाराची वसुली होत नाही. शेजाऱ्याचा माल कोणी निव्वळ आपुलकीने आगीतून वाचवला, तर त्याला भरपाई मागता येणार नाही, असे उदाहरण कायद्यातच दिले आहे.

अज्ञानाचे प्रकरण त्याहून अवघड. ‘मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष’ (१९०३) खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक ठरवला. कर्ज घेतलेल्या अज्ञानाला ते फेडावे लागले नाही. हा अन्याय्य लाभ नव्हे काय? कायद्याने येथे अज्ञानाच्या संरक्षणाला झुकते माप दिले. कलम ६८ नुसार जीवनावश्यक गोष्टींचा खर्च केवळ त्याच्या मालमत्तेतून मिळतो, त्याच्यावर व्यक्तिशः जबाबदारी येत नाही. त्याच्या इस्टेटीला झालेल्या लाभापुरती परतफेड करायला लावण्याचा अधिकार न्यायालयाला पुढे १९६३ च्या विनिर्दिष्ट साहाय्य कायद्याने दिला.

करांच्या बाबतीत हे तत्त्व उलटूनही वापरले गेले. कायदा चुकीचा समजून भरलेला कर परत मिळू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘कन्हैयालाल सराफ’ खटल्यात १९५८ मध्ये म्हटले. मग १९९६ मध्ये ‘मफतलाल इंडस्ट्रीज’ प्रकरणी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे प्रश्न आला, की कारखानदाराने तो कर आधीच ग्राहकांकडून वसूल केला असेल तर? परतावा दिल्यास कारखानदाराचाच अन्याय्य लाभ होईल, असे बहुमताने ठरले. त्यामुळे कराचा बोजा पुढे ढकललेला नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी परतावा मागणाऱ्यावर येते.