दवंडी ते मोबाईल : निरोप कोणाचा, निर्णय कोणाचा?

गावगाड्यात बातमी कोण वाहून नेत असे, हे आमच्या घरात कोणाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. माझा आजा येसकर होता. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावात त्याने उमेदीची सगळी वर्षे दवंडी देण्यात घालवली. सारा भरण्याची मुदत, साहेबाचा मुक्काम, साथीची खबर, परगावच्या सोयऱ्यांना मयताचा सांगावा, हे सारे त्याच्या पायांवर आणि त्याच्या घशावर चाले. चावडीचा कागद तालुक्याला पोचवायचा तोही त्यानेच, रात्र असो की पाऊस. गावाचे प्रसारमाध्यम म्हणजे माझा आजा होता, असे मी वर्गात सांगत असे. मुले हसत. मी मात्र ते विनोदाने सांगत नव्हतो.

शेतकऱ्याच्या हाती मोबाईल आला, हवामान कळले, बाजारभाव कळला, आता तो शहाणपणाने निर्णय घेईल, असे आज जिकडेतिकडे बोलले जाते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : ज्याला माहिती कळते त्याला निर्णय घेता येतो. माझ्या आजाला गावातली प्रत्येक बातमी सर्वांच्या आधी कळत होती. निर्णय चावडीच्या ओट्यावर होत आणि तो ओट्याखाली उभा असे.

ही वेठ कायद्याने बांधलेली होती. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. महाराला किती काम आणि त्याबद्दल किती मोबदला, हे ठरवा, ही त्यातली एक मागणी. पण तीही प्रस्थापितांना पचली नाही. कनिष्ठ गाववतने रद्द होण्याचा कायदा झाला तो १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. आमच्या आजाने मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्याने काठी खाली ठेवली. वतनाचा जो तुकडा होता तो भावकीत वाटता वाटता संपला.

त्याच १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला होता. पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा शेतीचे कार्यक्रम लागत; ऐकायचे, चर्चा करायची आणि कृती करायची, अशी ती योजना. टाटा समाजविज्ञान संस्थेने तिचे मूल्यमापन केले आणि पुढे ही मंडळे देशभर नेण्यात आली. योजना चांगली होती. पण चर्चा करायला बसायचे तर एका बैठकीवर बसावे लागते, आणि त्या काळी खेड्यात कोण कोणाजवळ बसत होते हे या पत्राच्या वाचकांना मी काय सांगू? आमच्या गावात पुढे रेडिओ आला तो ग्रामपंचायतीच्या खोलीत. माझे वडील तो बाहेरच्या लिंबाखाली उभे राहून ऐकत. खत केव्हा टाकावे हे त्यांना तोंडपाठ होते. टाकायला शेत नव्हते.

म्हणून ते गायरानात शिरले. ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झालेल्या दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात वडील तुरुंगात जाऊन आले आणि त्यानंतर माळावरची दगडधोंड्याची तीन एकर त्यांनी वहितीला आणली. आज तीच तीन एकर माझा धाकटा भाऊ कसतो. मोबाईलची गोष्ट मला खरे तर तिथून सांगायची आहे.

मोबाईलचे गुण आधी सांगितले पाहिजेत. २००४ च्या जानेवारीत किसान कॉल सेंटर सुरू झाले. भावाने तिथे पहिल्यांदा फोन लावला तेव्हा पलीकडच्या माणसाने पीक विचारले, तालुका विचारला, आडनावावरून आवाज बदलला नाही. हे लहानसे वाटेल. ज्याच्या बापाने लिंबाखाली उभे राहून शेती शिकली, त्याला ते लहान वाटत नाही. पावसाचा अंदाज पाहून त्याने फवारणी दोनदा पुढे ढकलली आणि औषधाचे पैसे वाचवले, हेही खरे.

केरळचे उदाहरण तर जगभर सांगितले जाते. १९९७ नंतर तिथल्या किनाऱ्यावर मोबाईल आला. मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारू लागले आणि जिथे गिऱ्हाईक असेल त्या बंदरात होडी नेऊ लागले. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली दाखवून दिले की वाया जाणारी मासळी जवळजवळ थांबली, मच्छीमाराचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली.

मग आपल्याकडे काय झाले? २००७ सालीच महाराष्ट्रात रॉयटर्सने शेतकऱ्यांना बाजारभाव आणि हवामान मोबाईलवर पाठवण्याची सेवा काढली. फाफशाँ आणि मिंटेन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातील १०० गावांतले ९३३ शेतकरी घेऊन तिची परीक्षा केली. त्यांपैकी काहींना ती वर्षभर फुकट देऊ केली होती. २०१२ साली निष्कर्ष छापून आला : ज्यांना सेवा मिळाली त्यांना सरासरीने जास्त भाव मिळाल्याचे दिसले नाही.

विद्वानांना याचे नवल वाटले असेल. भावाला मी हे वाचून दाखवले तेव्हा तो कांदा निवडत होता. म्हणाला, "दादा, लासलगावचा भाव मला सकाळीच कळतो. पण कांदा ठिवू कुठं? आडत्याची उचल घेतलीय पेरणीला. माल त्याच्याच वट्यावर टाकावा लागतो, तो म्हणंल त्या दिवशी."

केरळच्या कोळ्याच्या हातात होडी होती, ती त्याला वळवता आली. माझ्या भावाकडे कांदाचाळ नाही. चाळीला अनुदान आहे, पण अर्जाला सातबारा लागतो. बँकेचे पीककर्ज मिळाले असते तर आडत्याची उचल घ्यावी लागली नसती, तिथेही सातबारा. १९१८ साली बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील लहान धारणांवर निबंध लिहिला. जमीन किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या आकारावरून ठरत नाही, भांडवल आणि इतर साधनांशी तिचे प्रमाण काय यावर ठरते, असा त्यांचा युक्तिवाद. आज माहितीला नवे साधन म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी तो निबंध वाचावा. बाकीची साधने एका बाजूला नसतील तर नुसती माहिती माणसाला स्वतःचे नुकसान आगाऊ दाखवते, इतकेच.

(आणि भावजयीचे काय? निंदणी, काढणी, कांद्याची निवड तिची. फोन भावाच्या खिशात असतो. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.)

१४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. वडिलांनी अर्ज केला. जमिनीची नोंद गावाच्या एक-ई नमुन्यात, म्हणजे अतिक्रमणाच्या वहीत होती आणि दंडाच्या पावत्याही होत्या. अर्जाचे उत्तर आले नाही. वडील गेले, पावत्या राहिल्या.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पीकपेरा लावून घेण्यासाठी तलाठ्याच्या दारात बसावे लागे. आता शेतकऱ्याने आपल्याच शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. कल्पना म्हणून मला ती मनापासून आवडली. पुतण्या बारावी झालेला आहे. त्याने बांधावर उभे राहून बाजरीचा फोटो काढायला म्हणून ॲप उघडले. त्यात गाव निवडले. मग खातेदाराचे नाव किंवा गट क्रमांक शोधायला सांगितले गेले. गट सापडला, पुढे 'सरकार' असे आले.

पुतण्याने बराच वेळ मागेपुढे करून पाहिले. मग घरी जाऊन आजोबांच्या पेटीतून दंडाची जुनी पावती आणली आणि बाजरीशेजारी धरून तिचा फोटो काढला. तो कुठे पाठवायचा हे त्याने मला विचारले. ते मलाही सांगता आले नाही. फोटो अजून त्याच्या फोनमध्ये आहे.