माहितीपर : ट्विन-टर्बो सहा सिलिंडर इंजिन आणि चाकणची एएमजी

मर्सिडीज-बेंझने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘एएमजी जीएलसी ४३ कूपे’ ही मोटार भारतीय बाजारात आणली. पुणे जिल्ह्यातील चाकण प्रकल्पात जुळणी झालेली ही या कंपनीची पहिली एएमजी मोटार होय. सुटे भाग आणून देशात जुळणी केल्यास पूर्णतः तयार मोटारीच्या तुलनेत सीमाशुल्क कमी पडते. त्यामुळे महागड्या मोटारींसाठी कंपन्या हा मार्ग पत्करतात.

या मोटारीत २,९९६ घनसेंटिमीटर क्षमतेचे, इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते. त्याची शक्ती ३९० अश्वशक्ती आणि टॉर्क ५२० न्यूटन मीटर होता. एवढ्या शक्तीसाठी पूर्वी साधारणतः आठ सिलिंडरांचे मोठे इंजिन लागत असे.

टर्बोचार्जरमध्ये इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत ढकलते. हवा अधिक मिळाल्याने इंधनही अधिक जाळता येते. मात्र मोठे चक्र वेग घेण्यास वेळ लावते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यानंतर मोटार क्षणभर रेंगाळते. दोन लहान टर्बो बसविल्यास हा विलंब घटतो. सहा सिलिंडरांची विभागणीही सोयीची ठरते; तीन सिलिंडरांमागे एक टर्बो बसतो आणि त्याला वायूंचे झोत समान अंतराने मिळतात.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी या तंत्राचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. दोन टर्बो असलेली ‘मासेराती बायटर्बो’ १९८१ मध्ये आली. इटलीत दोन लिटरपेक्षा मोठ्या इंजिनांवर जादा कर असल्याने लहान इंजिनातून अधिक शक्ती काढण्याची ती युक्ती होती. बीएमडब्ल्यूने २००६ मध्ये ‘३३५आय’ मोटारीत तीन लिटरचे, सरळ रांगेतील सहा सिलिंडरांचे ट्विन-टर्बो इंजिन दिले.

या रचनेची किंमतही मोजावी लागते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तेलाच्या पातळ थरावर फिरतो. त्यामुळे योग्य दर्जाचे तेल वेळेवर न बदलल्यास बेअरिंग झिजतात. टर्बो दोन असल्याने दुरुस्तीचा खर्चही वाढतो. जुनी मोटार विकत घेणाऱ्याने म्हणूनच तेलबदलाच्या नोंदी आधी तपासाव्यात.

इंजिने लहान करण्याचा प्रवास येथेच थांबलेला नाही. ‘जीएलसी ४३’च्या नव्या पिढीत सहाऐवजी चारच सिलिंडर आहेत, दोन लिटरचे हे इंजिन एकाच टर्बोवर ४२१ अश्वशक्ती देते. त्या टर्बोला वायूंखेरीज विद्युत मोटरचेही साहाय्य मिळते. परिणामी, दोन टर्बो ज्या विलंबावर उपाय म्हणून आले, तो आता विजेच्या मदतीने दूर केला जात आहे.